जयपाल सिंह मुंडा : टकरा गावापासून ऑक्सफर्डपर्यंत आणि परत



ऑलिंपिकमधल्या हॉकीविषयी वर्गात बोलताना ध्यानचंद यांचं नाव हमखास येतं. पण १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला भारताने हॉकीचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं, त्या संघाचा कर्णधार कोण, असं विचारलं तर मुलं एकमेकांकडे बघतात. खरं सांगायचं तर पुष्कळ मोठ्या माणसांनाही ते आठवत नाही. ते कर्णधार म्हणजे जयपाल सिंह मुंडा.

आज आपण त्यांची माहिती पाहणार आहोत, पण खेळाडू म्हणून कमी आणि विद्यार्थी म्हणून जास्त. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा. आदिवासी घरातलं मूल विद्यापीठापर्यंत पोचायला आणि पोचल्यावर तिथे टिकायला काय काय लागतं?

जन्म आणि गाव

जयपाल सिंह यांची जन्मतारीख ३ जानेवारी १९०३ अशी नोंदलेली आहे. गाव टकरा, खुंटीजवळचं. तेव्हा हा सगळा भाग रांची जिल्ह्यात होता, आज तो झारखंड राज्यात आहे. घर मुंडा आदिवासींचं. वडील अमरू पाहन. पाहन म्हणजे गावाची पूजाअर्चा करणारा माणूस. मुलाचं घरचं नाव होतं प्रमोद. लहानपणी गावातल्या इतर पोरांसारखंच गुरं राखणं हे त्याचंही काम होतं.

याच खुंटीच्या परिसरात बिरसा मुंडा यांचा उलगुलान, म्हणजे मोठा उठाव झाला होता. बिरसा १९०० साली रांचीच्या तुरुंगात वारले. म्हणजे जयपाल जन्मले तेव्हा त्या गोष्टी घराघरात ताज्या होत्या.

घरची भाषा मुंडारी. आपल्या मेळघाटात कोरकू बोलतात ना, ती याच भाषाकुळातली. तेव्हा मेळघाटात शिकवणाऱ्या शिक्षकांना हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. मूल घरी एक भाषा बोलतं आणि शाळेच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवलं की दुसरीच भाषा सुरू होते.

रांचीची शाळा

गावातल्या सुरुवातीच्या शिक्षणानंतर वडिलांनी त्याला रांचीच्या सेंट पॉल शाळेत घातलं. ही मिशनची शाळा. घरचा प्रमोद शाळेत आणि पुढे साऱ्या जगात जयपाल सिंह झाला. शिक्षणाच्या दारात पहिल्यांदा बदललं ते नाव. या गोष्टीकडे आपण शेवटी परत येऊ.

शाळेचे मुख्याध्यापक होते कॅनन कॉस्ग्रेव्ह. हा मुलगा अभ्यासात हुशार आहे, मैदानावर तर त्याहून चपळ आहे, हे त्यांनी हेरलं. पण ते शाबासकी देऊन थांबले नाहीत. १९१८ साली ते जयपालला आपल्याबरोबर इंग्लंडला घेऊन गेले. टकरा गावातलं कुटुंब काही स्वतःच्या बळावर बोटीचं तिकीट काढू शकलं नसतं.

त्याच शाळेत आणखीही मुलं होती. त्यांच्यातही हुशार असणारच. बोटीवर चढला तो एक. हेही लक्षात ठेवा.

इंग्लंड आणि ऑक्सफर्ड

इंग्लंडमध्ये गेल्यावर जयपाल थेट विद्यापीठात गेले नाहीत. आधी कँटरबरीच्या सेंट ऑगस्टीन कॉलेजात त्यांची सोय झाली. म्हणजे गावची शाळा, रांचीची शाळा, मग तिथल्या वातावरणात रुळायला मधली एक पायरी, आणि त्यानंतर १९२२ साली ऑक्सफर्डचं सेंट जॉन्स कॉलेज. ही मधली पायरी आपल्याला फार साधी वाटते, पण पुष्कळ मुलं नेमकी तीच नसल्यामुळे पडतात. बारावीपर्यंत आश्रमशाळेत असलेलं मूल एकदम शहरातल्या कॉलेजात दीडशे जणांच्या वर्गात जाऊन बसतं आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलं की परत जात नाही. आपण म्हणतो, झेपलं नाही. पण रुळायला वेळ कोणी दिला होता?

ऑक्सफर्डमध्ये जयपाल यांनी अर्थशास्त्र घेतलं आणि १९२६ साली ऑनर्ससह पदवी मिळवली. कॉलेजच्या वादविवाद मंडळात ते आघाडीवर होते. हॉकीत तर त्यांनी ऑक्सफर्ड ब्लू हा मान मिळवला. विद्यापीठासाठी खेळणाऱ्या उत्तम खेळाडूंनाच तो मिळतो. बघा, ते तिथे फक्त पुस्तकं वाचत बसले नाहीत. मैदान आणि व्यासपीठ या दोन जागांनी त्यांना मित्र दिले. नवख्या मुलाला कॉलेजात टिकवतात ते असे धागे. हॉस्टेलची खोली आणि फीची पावती एवढ्यावर मूल टिकत नाही.

आणखी एक गोष्ट. मिशनच्या लोकांना वाटत होतं की या मुलाने शिकून धर्मप्रचाराचं काम करावं. जयपाल यांनी ती वाट धरली नाही. त्यांनी स्वतःचा रस्ता निवडला. मदत करणाऱ्याची इच्छा एक आणि विद्यार्थ्याची वाट वेगळी, असं होतंच. त्यात कृतघ्नपणा काही नाही.

नोकरी की हॉकी

पुढे त्यांची इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी, म्हणजे आयसीएससाठी निवड झाली. त्या काळी याहून मोठी नोकरी नव्हती. प्रशिक्षण सुरू असतानाच १९२८ च्या ऑलिंपिकसाठी भारतीय हॉकी संघाचं कर्णधारपद त्यांच्याकडे आलं. खेळायला जाण्यासाठी रजा मिळाली नाही, तरी ते गेले.

त्या स्पर्धेत भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. त्यातले १४ गोल ध्यानचंद यांचे. संघात मतभेद झाल्यामुळे जयपाल अंतिम सामन्यात खेळले नाहीत, पण पहिल्या सुवर्णपदकाच्या संघाचे कर्णधार म्हणून इतिहासात त्यांचंच नाव आहे.

परतल्यावर त्यांना प्रशिक्षणाचं एक वर्ष पुन्हा करायला सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि आयसीएस सोडली. आजच्या पालकांना हे वाचून धक्का बसेल. त्यानंतर त्यांनी बर्मा शेल कंपनीत नोकरी केली, आफ्रिकेत गोल्ड कोस्ट म्हणजे आजच्या घानामधल्या अचिमोटा कॉलेजात शिकवलं, मग रायपूरच्या राजकुमार कॉलेजात आणि बिकानेर संस्थानात काम केलं. राजेरजवाड्यांची मुलं शिकायची त्या संस्थेत एक मुंडा माणूस शिक्षक म्हणून उभा होता, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

परत आपल्या माणसांत

जानेवारी १९३९ मध्ये रांचीला आदिवासी महासभेचं अधिवेशन भरलं आणि जयपाल सिंह तिचे अध्यक्ष झाले. सुटाबुटातला, इंग्रजी शिकलेला हा माणूस आपला म्हणून लोकांनी स्वीकारला. त्यांना मरङ गोमके म्हणू लागले. मुंडारीत याचा अर्थ मोठा नेता.

१९४६ साली ते संविधान सभेवर निवडून गेले. त्याच डिसेंबरमध्ये ध्येयांच्या ठरावावर ते बोलले. आम्हाला जंगली म्हणतात, तर ते नाव मी अभिमानाने सांगतो, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडूनच शिकण्यासारखी आहे, असंही त्यांनी सभेला ठणकावून सांगितलं. आदिवासींच्या गावात माणसं एकत्र बसून निर्णय घेतात, हे ते लहानपणापासून बघत आले होते. पुढे संविधानात आदिवासी हाच शब्द असावा, असा आग्रहही त्यांनी धरला. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यावर कायद्याची बाजू मांडली. आदिवासी या शब्दाला कायद्यात नेमका अर्थ नाही, म्हणून अनुसूचित जमाती हा शब्द ठेवावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी तोच शब्द राहिला.

सभेतले दोन विद्यार्थी

इथे थोडं थांबून या दोघांकडे विद्यार्थी म्हणून पाहू. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा शाहू महाराजांचाही हातभार लागला. बाबासाहेबांसारख्या विद्वानालासुद्धा पैसे संपले म्हणून मध्येच उठावं लागलं, तर साध्या मुलाचं काय होत असेल?

जयपाल यांना मुख्याध्यापक भेटले, बाबासाहेबांना महाराज भेटले. पण देशातल्या प्रत्येक पाड्यावर असा कोणी भेटेलच, याची खात्री कोण देणार? म्हणूनच हे काम नशिबावर न ठेवता राज्यव्यवस्थेवर सोपवणं गरजेचं होतं. संविधानाच्या ४६व्या कलमाने अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षणाची काळजी घेणं हे राज्याचं काम ठरवलं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने १५(४) हे कलम आलं आणि शिक्षणातल्या राखीव जागांना आधार मिळाला. आपल्या शाळेतून गेलेली मुलं आज शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

पुढचं आयुष्य

जयपाल सिंह यांनी झारखंड पक्ष काढला. १९५२ च्या निवडणुकीत बिहार विधानसभेत हा पक्ष मोठा विरोधी पक्ष ठरला. १९६३ मध्ये त्यांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. यामुळे त्यांचे अनेक अनुयायी दुखावले, हेही सांगायला हवं. चरित्र सांगताना फक्त गोड बाजू सांगितली तर मुलांना माणूस कळत नाही. शेवटपर्यंत ते खासदार होते. २० मार्च १९७० रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. झारखंड राज्य झालं ते त्यानंतर तीस वर्षांनी, १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीला.

२०२१ साली झारखंड सरकारच्या मरङ गोमके जयपाल सिंह मुंडा शिष्यवृत्तीवर सहा आदिवासी विद्यार्थ्यांची पहिली तुकडी ब्रिटनमधल्या विद्यापीठांत शिकायला गेली. १९१८ साली एक मुलगा एका माणसाच्या इच्छेमुळे गेला होता. २०२१ साली सहा जण नियमाने, हक्काने गेले. सहा ही संख्या थोडीच आहे, पण फरक मोठा आहे.

आपण काय करू शकतो?

आपण प्राथमिकचे शिक्षक. विद्यापीठाशी आपला काय संबंध, असं वाटू शकतं. पण साखळीची पहिली कडी आपल्याच हातात आहे.

१. मुलाची घरची भाषा वर्गात येऊ द्या. कोरकू, गोंडी, भिली, वारली, कातकरी, जी असेल ती. दोन-चार शब्द आपणही शिका.

२. मुलाचं नाव नीट लिहा आणि नीट उच्चारा. आपल्याला सोपं पडावं म्हणून बदलू नका. दाखल्यावरची एक चूक पुढे जातीच्या दाखल्याला आणि जात वैधता प्रमाणपत्राला आडवी येते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी हे प्रमाणपत्र लागतंच.

३. पालकांनो, दहावीनंतर कागदपत्रांसाठी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. शासकीय आदिवासी वसतिगृह, वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वयम् योजना, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती यांची चौकशी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आधीच करा.

४. आपल्या शाळेतून गेलेलं मूल कॉलेजच्या पहिल्या वर्षात असेल तर महिन्यातून एकदा फोन करा. मार्क विचारू नका. जेवतोस का, मित्र झाले का, शिष्यवृत्ती जमा झाली का, एवढंच विचारा.

५. शिकून मोठं झालेलं मूल आपल्याला हवं तेच बनलं नाही, तरी त्याच्यावर रुसू नका.

शाळेत गेल्यावर टकराच्या मुलाचं नाव बदललं, आणि त्याच माणसाने पुढे देशाच्या सभेत उभं राहून आपल्या समाजाचं नाव काय असावं यासाठी भांडण मांडलं. आपल्या वर्गातल्या मुलाला शिकण्यासाठी आपलं काहीच सोडावं लागू नये, एवढं आपण नक्की बघू शकतो.

हा लेख पाचवीपासून पुढच्या वर्गांत वाचून दाखवता येईल. वाचून झाल्यावर नकाशात रांची आणि ऑक्सफर्ड शोधायला सांगा. मग मुलांना विचारा, या प्रवासात जयपालला कुठे कुठे कोणी मदत केली असेल? आणि कोणी केली नसती तर काय झालं असतं? उत्तरं त्यांनाच देऊ द्या.