पेशंटला कामधंदा विचारा, असं ३०० वर्षांपूर्वी सांगणारा डॉक्टर

दुखतंय कुठे, कधीपासून, खाल्लं काय होतं? डॉक्टरांचे हे प्रश्न ठरलेलेच. त्यात अजून एका प्रश्नाची भर घाला, पेशंट काम काय करतो तेही विचारा, असं बर्नार्डिनो रामाझिनी यांनी सांगितलं.

रामाझिनी यांचा जन्म १६३३ चा, इटलीतल्या कार्पी गावातला. पार्माला डॉक्टरकी शिकले, पुढे मोडेनाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

तिथे एकदा त्यांच्या घरचा मैल्याचा हौद उपसायला एक कामगार आला. तो जीव तोडून घाई करत होता. रामाझिनींनी कारण विचारलं, तर कळलं की आत जास्त वेळ थांबलं की डोळे जातात. बाहेर आल्यावर पाहिलं, तर त्याचे डोळे लालभडक झाले होते. हेच काम करून आंधळे झालेले लोक त्यांना शहरात भीक मागताना दिसले.

मग ते कामगारांच्या आजारांच्या मागेच लागले. कुंभार, खाणकामगार अशा अनेकांची माहिती गोळा केली आणि १७०० मध्ये त्यावर लॅटिन भाषेत पुस्तक लिहिलं.

त्यात एक प्रकरण आहे दगड फोडणाऱ्यांचं. धूळ श्वासातून आत जाते, खोकला आणि दमा जडतो, मेल्यावर फुफ्फुसात खडे सापडतात, अशी नोंद त्यात आहे. आज या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. दगडातल्या सिलिकाचे बारीक कण फुफ्फुसात रुततात, तिथे व्रण पडतात आणि फुफ्फुस कडक होत जातं. यावर बरं करणारं औषध आजही नाही. धूळ रोखणं हाच उपाय.

रामाझिनींचा सल्ला होता, कामगारांनी धूळ तोंडात जाणार नाही याची काळजी घ्यावी. म्हणजे जबाबदारी कामगाराचीच.

ती मालकावर यायला फार काळ जावा लागला. अमेरिकेत २०१६ च्या नियमाने मर्यादा ठरली, ८ तासांच्या सरासरीने एक घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम सिलिका. ती पाळायची मालकाने. पाणी मारून कापा, धूळ खेचणारी यंत्रं लावा. किचन ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावर तर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली.

उतारवयात रामाझिनींची स्वतःचीच दृष्टी गेली. १७१४ मध्ये पाडुआत ते वारले. त्यांचा प्रश्न मात्र आजही कामाचा आहे. पुढच्या वेळी खोकला घेऊन दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तर आपलं काम काय आहे ते आपणहून सांगा.