नाना फडणवीस आणि त्यांचे बातमीदार

सानगडीच्या पडक्या किल्ल्याच्या आसऱ्यास वाढलेल्या आम्हां मंडळींस पेशवाईचा इतिहास काहीसा परका वाटतो. हा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा. तथापि साडेतीन शहाण्यांची गोष्ट येथेही घरोघर ठाऊक आहे. त्यांतील देवाजीपंत चोरघडे हे आपल्या नागपूर दरबारचे, आणि अर्धे शहाणे ते पुण्याचे नाना फडणवीस. तलवार न धरणाऱ्या या अर्ध्या शहाण्याने केवळ कागद व बातमी यांच्या बळावर राज्य कसे सांभाळले, ते यंदाच्या स्मरणिकेत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ साली सातारा येथे झाला. वडील वारल्यावर १७५६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, फडणिशी त्यांच्या गळ्यात पडली. पानिपतच्या रणातून ते कसेबसे जिवानिशी परतले. मातोश्री मात्र कायमच्या अंतरल्या. थोरल्या माधवरावांच्या करड्या नजरेखाली ते खरे तयार झाले, असे आम्हांस वाटते.

पुण्याच्या हुजूर दप्तरात दोनशेच्या आसपास कारकून राबत. नवखा मुलगा आधी उमेदवारी करी, मोडी अक्षर घोटी, बेरीज-वजाबाकी मिळवी, आणि जुन्या कारकुनाच्या शेजारी बसून कागदाचा मायना शिके. हिशेब तपासण्याची हीच सवय नानांनी बातमीस लावली. हैदराबादेहून गोविंदराव काळे, दिल्लीहून हिंगणे, कलकत्त्याहून लाला सेवकराम यांची पत्रे येत. एका ठिकाणची बातमी दुसऱ्या ठिकाणच्या कागदाशी ताडून पाहता येई, आणि वकिलाने काय लिहिले याइतकेच काय गाळले यावरही नानांसारख्या हिशेबी माणसाची नजर जाई.

परंतु माणूस पारखणे हे कागद पारखण्याहून कठीण. १७७९-८० मध्ये इंग्रजांविरुद्ध नानांनी निजाम, हैदर व भोसले यांची जूट बांधली. चिमणाजी भोसल्यांनी बंगाल्यावर चालून जावयाचे ठरले. फौज कटकेपर्यंत गेली खरी, पण मसलत आधीच फुटलेली! नागपूरकरांचे कलकत्त्यातील वकील बेनीराम पंडित हे हेस्टिंग्जच्या इतके विश्वासातले झाले होते की ते वकील कोणाचे, असा प्रश्न पडावा. इंग्रजांकडून पैसा मिळाला व फौज लढल्यावाचून परतली. आपल्या दरबारची ही बाजू लिहिताना आम्हांस संकोच होतो, पण लपवून उपयोग नाही. दूरच्या वकिलावर देखरेख ठेवणारा कोणी नसला म्हणजे असे घडते.

पुण्यात तर देखरेख पायाशीच होती, आणि तेथेच नाना चुकले. घाशीराम यास १७७७ मध्ये शहराची कोतवाली मिळाली. रात्रीची गस्त, परक्यांची नोंद, राघोबादादांच्या पक्षाच्या हालचालींची खबर हे सारे त्याच्याकडे. बातम्या वेळेवर येत, म्हणून त्या कोणत्या उपायांनी येतात याची चौकशी झाली नाही. लोकांच्या तक्रारी मात्र साचत गेल्या. १७९१ च्या ऑगस्टअखेर त्याने कोंडलेले अनेक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले, आणि नानांस कोतवाल जमावाच्या हवाली करावा लागला. दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला. चौदा वर्षे ज्याने साऱ्या शहरावर पाळत ठेवली, त्याच्यावर पाळत ठेवण्याचे राहून गेले होते. हा दोष नानांच्या पदरी घातल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

१७९५ च्या मार्चात खर्डा येथे निजामाचा पराभव झाला, तो नानांच्या वैभवाचा कळस. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून वारले. तरुण धन्यावर नानांनी फार कडक नजर ठेविली होती. बाजीरावांशी चाललेला पत्रव्यवहारही त्यांनी पकडला होता. त्या मुलाच्या मनात काय चालले आहे, ते मात्र कोणत्याही बातमीपत्रात आले नाही.

१७९७ च्या अखेरीस शिंद्यांच्या पदरच्या एका फिरंगी सरदाराने अभयवचन दिले, आणि त्या भरवशावर भेटीस गेलेले नाना कैद झाले. जन्मभर दुसऱ्यांचे बेत आधी जाणणाऱ्यास स्वतःवरचा डाव कळला नाही! अहमदनगरच्या किल्ल्यातून ते १७९८ मध्ये सुटले, पुन्हा कारभारात आले, आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात निवर्तले. मागे पुत्र नव्हता. अल्पवयीन पत्नी जिऊबाई पुढे वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात राहिल्या, आणि नानांच्या कागदांचे मोठे दप्तरही त्याच वाड्यात उरले.