बिलुंडचा सुतार : ओले कीर्क क्रिस्चियनसेन



एखाद्या मुलाला प्लॅस्टिकच्या रंगीत विटांची मोटारगाडी जोडताना तुम्ही पाहिलेच असेल. विटेवर वीट बसते, खट्‌ असा बारीक आवाज येतो, बघता बघता बॉनेट, टप, दारे उभी राहतात, खाली चार चाके लागतात आणि गाडी फरशीवरून धावू लागते. खेळ संपला की गाडी मोडायची आणि त्याच विटांतून दुसऱ्या दिवशी मालट्रक उभा करायचा. ह्या विटांचे नाव लेगो. हे नाव आज जगभर पोचले आहे. परंतु ज्या गृहस्थांनी ते ठेवले त्यांचे चरित्र फारच थोड्यांना ठाऊक असते. ते शास्त्रज्ञ नव्हते, इंजिनियर नव्हते, मोठ्या भांडवलाचे धनीही नव्हते. ते डेन्मार्कमधील एका खेड्यातले सुतार होते. आणि नवलाची गोष्ट अशी की, त्यांच्या हयातीत ह्या विटांना चाक लागलेच नव्हते. त्यांच्याविषयी चार गोष्टी तुम्हाला सांगाव्यात, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

ओले कीर्क क्रिस्चियनसेन ह्यांचा जन्म ७ एप्रिल १८९१ रोजी डेन्मार्कच्या जटलंड भागात, फिल्सकोव गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. अशा घरातील मुलाला शाळेत फार वर्षे बसणे परवडत नसते, हे तुम्हा-आम्हाला वेगळे सांगायला नको. चौदाव्या वर्षी ओले आपल्या थोरल्या भावाच्या हाताखाली सुतारकाम शिकू लागले. रंधा कसा धरावा, पटाशी कशी चालवावी, लाकडाची शीर पाहून काप कसा द्यावा, हे शिक्षण त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाले नाही. ते हाताला मिळाले. पुढे काही वर्षे जर्मनीत आणि नॉर्वेत काम करून ते परतले. १९१६ साली त्यांनी बिलुंड नावाच्या लहानशा खेड्यातील सुतारकामाचा कारखाना विकत घेतला. त्याच वर्षी हान्सिने हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना चार मुलगे झाले. गावच्या शेतकऱ्यांची दारे, खिडक्या, घरे बांधून द्यावीत आणि त्यावर संसार चालवावा, असा तो धंदा होता.

पण दैवाने त्यांची परीक्षा घेण्याचे जणू ठरवूनच टाकले होते. १९२४ साली दोन धाकट्या मुलांच्या हातून खेळता खेळता कारखान्यातील लाकडाच्या ढलप्यांना आग लागली. कारखाना गेला आणि राहते घरही गेले. त्या दोन मुलांतील गॉटफ्रेड तेव्हा अगदी लहान होता. हे नाव ध्यानात ठेवा; पुढे त्याच्याकडेच आपल्याला वळायचे आहे. ओले ह्यांनी खचून न जाता त्याच जागी पूर्वीपेक्षा मोठी इमारत उभारली.

१९२९ नंतर साऱ्या जगावर मंदीचे सावट आले. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याजवळ पैसा नाही, तर सुताराकडे घर बांधायला कोण येणार? कामगार कमी करावे लागले. १९३२ साल तर फारच कठीण गेले. त्याच वर्षी पत्नीचे निधन झाले आणि चार मुलांचा भार एकट्या बापावर पडला. मोठी कामे मिळत नाहीत म्हणून ओले लहान वस्तू करू लागले: घरात वापरायच्या शिड्या, इस्त्रीच्या फळ्या आणि त्यांच्याबरोबर लाकडी खेळणी. दोरीने ओढायची जनावरे, मोटारी, मालगाड्या. बारा वर्षांचा गॉटफ्रेड शाळा सुटली की बापाच्या हाताशी बसू लागला.

खेळण्यांचा धंदा त्या काळी पोरखेळ समजला जाई. ओले ह्यांना कर्ज हवे होते, तेव्हा भावंडांनी मदत केली, पण खेळण्यांचा नाद सोडावा अशी अट घातली. ओले ह्यांनी कर्ज घेतले, पण खेळणी सोडली नाहीत. ह्याला तुम्ही हट्ट म्हणा, हवे तर चूकही म्हणा. पण त्या माणसाला आपल्या हातांची ओढ कुठे आहे हे कळले होते, आणि ती ओढ त्याने हिशेबापायी मोडली नाही.

त्याच सुमारास यो-योची लाट आली. दोरीवर वरखाली होणारी ती लाकडी चकती डेन्मार्कभर प्रत्येक मुलाला हवी झाली. कारखान्यात यो-योंचे ढीग लागले. मग लाट जशी आली तशी ओसरली आणि ढीग तसेच पडून राहिले. दुसरा एखादा त्यांची सरपणात वासलात लावता. ओले ह्यांनी यो-यो मधोमध चिरले, अर्ध्या चकत्यांची चाके केली आणि ती लाकडी मोटारींना लावली. जो माल नुकसानीचा म्हणून पडला होता, तोच नव्या गाडीखाली चाक होऊन फिरू लागला. मित्रहो, विटांच्या गाड्या जोडणारी मुले आज नेमके हेच करतात. एका कामासाठी बनलेला तुकडा दुसऱ्या कामाला कसा लावावा, ही त्या कलेची पहिली पायरी आहे.

१९३४ साली ओले ह्यांनी कारखान्याला नवे नाव दिले. डॅनिश भाषेतील चांगले खेळा अशा अर्थाच्या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून लेगो हा शब्द बनला. नावाप्रमाणेच मालही चांगला हवा, हा त्यांचा कटाक्ष होता. ह्याविषयीची एक हकीकत त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लाकडी बदकांवर वॉर्निशचे तीन हात द्यायचे, असा कारखान्याचा नियम होता. एकदा गॉटफ्रेडने दोनच हात देऊन बदके पेट्यांत भरली, पेट्या स्टेशनवर पोचवल्या आणि वाचवलेल्या पैशाची बातमी मोठ्या कौतुकाने बापाला दिली. शाबासकी मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. बापाने त्याला तसेच परत पाठवले. पेट्या स्टेशनवरून आणायच्या, बदके बाहेर काढायची, तिसरा हात द्यायचा आणि माल पुन्हा स्टेशनवर नेऊन द्यायचा. आणि हे सारे रात्र लागली तरी एकट्याने करायचे. गिऱ्हाइकाला वॉर्निशचे हात मोजता आले नसते, हे खरे. पण करणाऱ्याला ते ठाऊक असतात. पुढे मोठेपणी गॉटफ्रेडने बापाचे ब्रीद लाकडी पाटीवर कोरून कारखान्याच्या भिंतीवर लावले. उत्तमाहून उणे काहीही पुरेसे नाही, असा त्याचा आशय होता.

१९४० मध्ये डेन्मार्क जर्मन फौजांच्या ताब्यात गेला. १९४२ च्या मार्च महिन्यात कारखान्याला पुन्हा आग लागली. ह्या वेळी यंत्रांबरोबर वर्षानुवर्षांचे नकाशे आणि नमुनेही जळाले. ओले पन्नाशी ओलांडून गेले होते. पण कारखान्यावर किती घरांच्या चुली अवलंबून आहेत हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी पुन्हा बांधकाम काढले, आणि ह्या खेपेस इमारत केवळ खेळण्यांसाठी आखली.

महायुद्ध संपले. लाकडाच्या सुताराने १९४६ साली जो निर्णय घेतला, तो आप्तांना वेडेपणा वाटला. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून साच्यात दाबणारे इंग्रजी यंत्र खरेदी करायचे ठरवले. कारखान्याच्या मानाने त्याची किंमत फार मोठी होती आणि प्लॅस्टिकचा कच्चा माल मिळणेही मुश्किल होते. त्याच सुमारास त्यांच्या हाती प्लॅस्टिकच्या पोकळ विटांचे नमुने आले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ती कल्पना मूळची ओले ह्यांची नव्हती. इंग्लंडमधील हिलरी फिशर पेज ह्या गृहस्थांनी किडिक्राफ्ट ह्या नावाने तशा विटा आधीच काढल्या होत्या. लेगोने १९४९ साली आणलेल्या विटा त्यांच्यावरूनच घडवल्या होत्या. पेज १९५७ मध्ये वारले. किडिक्राफ्टच्या विटांचे हक्क लेगोने रीतसर विकत घेतले ते १९८१ साली. थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याचे ऋण झाकून ठेवू नये. तेही चरित्राचाच भाग असते.

त्या पहिल्या विटा आतून पोकळ होत्या. एकीवर एक बसत, पण घट्ट धरत नसत. उंच भिंत रचली आणि उचलली की ती सुटून येई. दुकानदारांना त्यांचे फारसे कौतुक नव्हते. धंद्याची सूत्रे हळूहळू गॉटफ्रेडकडे येत होती. १९५४ साली इंग्लंडच्या प्रवासात बोटीवर त्याची गाठ खेळणी खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्याशी पडली. बाजारातील खेळण्यांत काही पद्धत नाही, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, अशी त्या व्यापाऱ्याची तक्रार होती. ती गॉटफ्रेडच्या मनात घर करून बसली. १९५५ मध्ये विटांतून रस्ते आणि घरे असलेले गाव रचण्याचा संच निघाला. त्या गावात मोटारीही होत्या, पण त्या साच्यातून अखंड निघालेल्या, जोडायच्या नव्हत्या. विटांची पकड सैल होती तोवर दुसरे होणारही काय?

शेवटी उपाय सापडला. विटेच्या पोटात पोकळ नळ्या बसवल्या. खालच्या विटेवरचे गोल उंचवटे ह्या नळ्या आणि कडेच्या भिंती ह्यांच्यामध्ये तीन ठिकाणी दाबून धरले जातात. त्यामुळे वीट घट्टही बसते आणि मुलाच्या बोटांनी सुटतेही. २८ जानेवारी १९५८ रोजी कोपनहेगनमध्ये ह्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ११ मार्च १९५८ रोजी, ओले कीर्क क्रिस्चियनसेन हृदयविकाराने निवर्तले. त्यांचे वय ६६ होते. आपल्या कारखान्यातून कोणते बीज बाहेर पडते आहे, हे पाहायला ते उरले नाहीत.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६० साली पुन्हा आग लागून लाकडी खेळण्यांचे कोठार जळाले आणि लाकडाचे काम कायमचे बंद झाले. १९६२ मध्ये विटांच्या संचांत रबरी धावांचे चाक आले, आणि मुले खऱ्या अर्थाने स्वतःच्या मोटारी रचू लागली. १९७७ साली दातेरी चाके आणि आस असलेले संच निघाले. त्यांतील मोटारीच्या सांगाड्यात स्टिअरिंग फिरे आणि गाडी ढकलली की इंजिनातील चार दट्टे वरखाली होत. २०११ ह्या एका वर्षात ह्या कंपनीने कोट्यवधी चिमुकले टायर बनवले. २०१८ साली तर बुगाटी शिरॉन ह्या मोटारीची पूर्णाकृती प्रतिकृती दहा लाखांहून अधिक तुकड्यांतून उभी राहिली. तिच्यात २,३०४ लहान विद्युत्‌ मोटारी होत्या, जोडकामाला डिंकाचा थेंबही लावलेला नव्हता, आणि माणसाला आत बसवून ती चालली.

पण ह्या डोळे दिपवणाऱ्या गोष्टींपेक्षा घरच्या फरशीवरची गाडी मला अधिक मोलाची वाटते. ती कशी आखायची, हे एका उदाहरणाने पाहा. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी घ्या. तिची रुंदी सुमारे १.४६ मीटर आणि लांबी सुमारे ३.९३ मीटर. विटेवरील दोन उंचवट्यांमधले अंतर ८ मिलिमीटर असते. गाडी आठ उंचवटे रुंद करायची ठरवली, तर ती ६४ मिलिमीटर झाली. म्हणजे प्रमाण साधारण तेवीसास एक. त्या प्रमाणात लांबी १७२ मिलिमीटर येते, म्हणजे साडेएकवीस उंचवटे. आता अर्धा उंचवटा आणायचा कोठून? एक तर बंपर थोडा पुढे काढा, नाही तर २२ उंचवटे धरून फरक पत्करा. उंचीचे गणित आणखी निराळे. वीट ९.६ मिलिमीटर उंच आणि पातळ पट्टी तिच्या तिसऱ्या हिश्श्याची, म्हणजे ३.२ मिलिमीटर. उतरती काच आणि गोलसर टप ह्याच पट्ट्यांच्या पायऱ्यांतून साधावे लागतात. जाणकार मंडळी आधी चाक निवडतात आणि चाकावरून गाडीचे प्रमाण ठरवतात. कारण बाकी सारे बदलता येते, चाकाचा व्यास बदलता येत नाही. गुणोत्तर, भूमिती आणि तडजोड हे तिन्ही विषय मूल येथे छडीवाचून शिकते.

शक्यता तरी किती! दोन रांगांत आठ उंचवटे असलेल्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या, तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने मोजून दाखवले आहे. आणि १९५८ च्या विटेवर आजची वीट बसते. बदकाला तिसरा हात द्यायला लावणाऱ्या बापाची शिस्त साच्याच्या मापात उतरली आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वडील, आजोबा हाताने काम करीत आले आहेत. कोणी सुतार, कोणी विणकर, कोणी गॅरेजमध्ये. अशा घरातील मुलाला शाळेत कधी कधी त्याची लाज वाटते, आणि शिक्षण म्हणजे त्या कामापासून सुटका, असे त्याच्या मनात बसते. बिलुंडच्या ह्या सुताराचे चरित्र त्याला वाचायला द्या. हाताचे कसब आणि डोक्याचे शिक्षण ही दोन निरनिराळी घरे नव्हेत. त्यांच्यामधील भिंत आपणच बांधली आहे. तुमच्या मुलाला महागडे संच घेऊन देणे जमेलच असे नाही. पण काड्यापेट्या, बाटल्यांची झाकणे आणि फळीचे तुकडे घेऊन तो गाडी करीत बसला असेल, तर पसारा केला म्हणून त्याच्यावर ओरडू नका. शेजारी बसा आणि पुढचे चाक वाकडे का जाते, हे त्याच्याबरोबर शोधा. यो-यो चिरून चाक करणाऱ्या त्या माणसाने जगाला जे दिले, त्याची सुरुवातही अशाच पसाऱ्यातून झाली होती.