लॉर्ड मेकॉले आणि आत्मसंरक्षणाचा हक्क

मेकॉले हे नाव उच्चारताच आपणां सुशिक्षितांस आठवतो तो १८३५ सालचा शिक्षणविषयक खलिता आणि त्यात पौर्वात्य विद्येविषयी प्रकट झालेली अवज्ञा. ती अवज्ञा समर्थनीय नव्हे. परंतु त्याच पुरुषाच्या हातून या देशात दुसरे एक कार्य घडले, आणि त्याचा संबंध आपणां प्रत्येकाच्या उंबरठ्याशी पोहोचतो. मध्यरात्री घर फोडून आत शिरलेला दरोडेखोर घरधन्याच्या काठीने प्राणास मुकला, तर घरधनी खुनी ठरतो काय? या प्रश्नाचे जे उत्तर आपला कायदा देतो, त्याची मूळ आखणी मेकॉले यांची आहे.

थॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांचा जन्म इंग्लंडातील लेस्टरशायर परगण्यात २५ ऑक्टोबर १८०० रोजी झाला. पिता झॅकरी हे गुलामगिरीच्या निर्मूलनासाठी झटणारे गृहस्थ होते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात विद्याभ्यास झाल्यावर १८२५ साली मिल्टन कवीवरील निबंधाने त्यांची कीर्ती पसरली, व १८३० साली ते पार्लमेंटात गेले. १८३३ च्या सनदी कायद्याने गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलात कायदेविषयक सभासदाची जागा निर्माण झाली. तीवर नियुक्त होऊन ते जून १८३४ मध्ये मद्रासेस उतरले.

त्या काळी हिंदुस्थानात फौजदारी कायदा एक नव्हता. इलाख्यांच्या राजधान्यांत इंग्लिश कायदा चाले. बंगाल व मद्रास इलाख्यांच्या मुलखात कंपनीच्या नियमांनी फेरफार केलेला इस्लामी कायदा होता. आणि आपल्या मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकीर्दीतील १८२७ चे स्वतंत्र नियम होते. या सर्वांच्या जागी एकच दंडसंहिता रचण्याचे काम पहिल्या विधि आयोगाकडे आले. सहकारी वरचेवर आजारी पडल्याने बहुतेक भार एकट्या मेकॉले यांच्यावर पडला, व १८३७ साली मसुदा सादर झाला.

आत्मसंरक्षणाचे प्रकरण लिहिताना त्यांच्यापुढे मोठा पेच होता. हक्क संकुचित करावा, तर सज्जन निःशस्त्र व दुर्जन निर्भय होतो. सैल सोडावा, तर सूड घेणारा त्याच हक्काची ढाल करतो. येथील प्रजा अन्याय निमूटपणे सोसते असे मेकॉले यांचे मत होते. त्या मतात राज्यकर्त्याचा अहंकार होताच. परंतु त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष प्रजेच्या हिताचा ठरला. लोकांच्या प्रतिकारास बंधने वाढविण्यापेक्षा त्यांच्या धैर्यास उत्तेजन द्यावे, असे त्यांनी ठरविले.

म्हणूनच या कायद्याने स्वतःच्याच नव्हे, तर परक्याच्याही देहाचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क दिला. मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी धास्ती, बलात्कार, अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घरास आग लावणे, अशा प्रसंगी हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. मात्र त्यास मर्यादा आहेत. सरकारी अधिकाऱ्यांचे साहाय्य घेण्यास अवसर असेल तेथे हा हक्क नाही. बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. आणि धास्ती संपताच हक्कही संपतो. पाठ फिरवून पळणाऱ्या, निरुपद्रवी झालेल्या माणसास गाठून मारणे हा बचाव नव्हे, सूड होय. सद्भावनेने व पूर्वयोजनेवाचून मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून न मानता सदोष मनुष्यवध मानला जातो. पण शिक्षा टळत नाही.

मेकॉले १८३८ साली स्वदेशी परतले. इंग्लंडच्या इतिहासाने त्यांस अपार यश दिले, १८५७ साली उमरावपद मिळाले. पण ज्या संहितेसाठी त्यांनी एवढे श्रम घेतले, ती कायदा झालेली त्यांस पाहावयास मिळाली नाही. २८ डिसेंबर १८५९ रोजी ते निवर्तले. बार्न्स पीकॉक यांच्या देखरेखीखाली सुधारलेला मसुदा ६ ऑक्टोबर १८६० रोजी मंजूर झाला व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. १ जुलै २०२४ रोजी त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तथापि पूर्वीच्या ९६ ते १०६ या कलमांतील तत्त्व तिच्या ३४ ते ४४ या कलमांत कायम आहे.

आपल्या कुटुंबांतील तरुणांस या चरित्रातून एवढा बोध घेण्याजोगा आहे की, शेजाऱ्याच्या घरी आक्रोश उठला असता दार लावून बसण्यास कायदा सांगत नाही. तो धावून जाणाऱ्याच्या पाठीशी उभा राहतो. परंतु संकट टळल्यावर उगारलेला हात खाली आला पाहिजे. हात उगारण्यास धैर्य लागते, तो आवरण्यास विवेक. आणि न्यायासनापुढे या दोहोंचीही परीक्षा होते.