एडविन आर्मस्ट्राँग

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस हडसन नदीच्या काठी योंकर्स नावाचे गाव आहे. तेथील उंचावरच्या एका घराच्या माळ्यावर एक मुलगा कानांना हेडफोन लावून रात्र रात्र जागत बसे. त्याचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. त्याचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी झाला. लहानपणी एका आजाराने त्याला दोन वर्षे शाळेबाहेर राहावे लागले. त्या एकान्तात पुस्तके व यंत्रे हेच त्याचे सोबती झाले. मार्कोनी यांच्या शोधाची हकीकत वाचून त्याला बिनतारी संदेशांचे वेड लागले व त्याने घराच्या आवारात १२५ फूट उंचीचा खांब उभारला.

परंतु दूरचे संदेश अत्यंत क्षीण असत. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली एक काचेची नळी तयार केली होती. तिच्यात तापणारी तार, धातूची पट्टी व त्या दोहोंमध्ये एक बारीक जाळी असे. या नळीचा काही उपयोग होई खरा. पण ती कशी चालते, हे खुद्द डी फॉरेस्ट यांनाही नीट सांगता येत नव्हते.

आर्मस्ट्राँग तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तर्क लढवीत न बसता त्यांनी नळीला मापके जोडली. जाळीवरील विद्युत्‌दाब थोडाथोडा बदलावा, पट्टीकडे जाणारा प्रवाह मोजावा आणि त्याचा आलेख काढावा, असा क्रम त्यांनी चालविला. पाटाच्या तोंडाशी फळी असते ना, तशीच ही जाळी! फळी पुरती बंद असेल, तर ती किंचित हलवून पाणी वाहत नाही. सताड उघडी असेल, तर हलविल्याने फरक पडत नाही. ती मधल्या योग्य जागी ठेवली, म्हणजे हाताच्या जराशा हालचालीने पाण्याचा मोठा लोंढा कमीजास्त होतो. जाळीवर दाब किती ठेवला असता क्षीण ध्वनी मोठा होतो, हे त्या आलेखावरून स्पष्ट झाले. जुना नळ्यांचा ध्वनिवर्धक दुरुस्त करणारा कारागीर आजही नवी नळी बसविली की मापक लावून हा दाब जुळवितो. त्यास तो बायस लावणे म्हणतो. प्रवाह फार झाला तर नळी तापून निकामी होते, फार थोडा झाला तर आवाज फाटतो.

१९१२ साली आर्मस्ट्राँग यांनी आणखी एक युक्ती केली. नळीतून मोठा होऊन निघालेला ध्वनी त्यांनी थोडा पुन्हा जाळीकडे वळविला. तो पुनःपुन्हा वाढत गेला आणि समुद्रापलीकडचे संदेश हेडफोन टेबलावर ठेवूनही ऐकू येऊ लागले! पेटंटासाठी वडिलांनी पैसे दिले नाहीत, म्हणून त्यांनी आपली मोटारसायकल विकली.

पुढे याच शोधावर डी फॉरेस्ट यांनी हक्क सांगितला. खटला अनेक वर्षे चालला. १९३४ साली सर्वोच्च न्यायालयाने आर्मस्ट्राँग यांच्याविरुद्ध निकाल दिला. परंतु नळीचे शास्त्र जाणणाऱ्या बहुतेकांना तो चुकीचा वाटला. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने या शोधाबद्दल दिलेले पदक परत करण्यासाठी आर्मस्ट्राँग तिच्या सभेस गेले. अध्यक्षांनी ते घेण्यास नकार दिला, आणि जमलेले अभियंते उभे राहून टाळ्यांचा गजर करू लागले.

रेडिओतील खरखर घालविण्यासाठी त्यांनी एफ. एम. पद्धती शोधून काढली. १९३५ साली न्यूयॉर्कच्या सभेत त्यांनी ती दाखविली, तेव्हा दूरच्या केंद्रावर पेल्यात पाणी ओतल्याचा आवाजही श्रोत्यांनी स्पष्ट ऐकला. दुसऱ्या महायुद्धात हा शोध त्यांनी आपल्या देशाच्या सैन्यास विनामूल्य वापरू दिला. मात्र अनेक कंपन्यांनी मोबदला न देताच तो वापरला. पुन्हा खटले सुरू झाले. त्यांत त्यांचे धन सरले, मनही खचले आणि १९५४ साली त्यांचा करुण अंत झाला. त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी ते खटले नेटाने पुढे चालविले. त्यांतील शेवटचा १९६७ साली संपला, आणि तोही आर्मस्ट्राँग यांच्याच बाजूने लागला.