रेने द्यूबो

रेने ज्यूल द्यूबो (२० फेब्रुवारी १९०१ – २० फेब्रुवारी १९८२) हे फ्रान्समध्ये जन्मलेले अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व लेखक होते. ग्रॅमिसिडीन या पेप्टाइड वर्गातील प्रतिजैविकाचा शोध त्यांनी लावला.

बालपणी संधिवाती ज्वराने त्यांचे हृदय कायमचे अधू झाले. पॅरिसमध्ये कृषिशास्त्र शिकून ते १९२४ साली अमेरिकेस गेले. रटगर्स येथे सेल्मन वॅक्समन यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून १९२७ पासून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करू लागले.

त्यांची पद्धत साधी होती. मातीत रोगजंतू मिसळून, त्यांच्यावरच गुजराण करणारा जिवाणू तीत वाढतो का, हे ते पाहत. असा एक जिवाणू, बॅसिलस ब्रेव्हिस, त्यांना सापडला. त्यापासून १९३९ साली टायरोथ्रिसीन मिळाले आणि रॉलिन हॉचकिस यांच्यासह त्यांनी त्यातून ग्रॅमिसिडीन व टायरोसिडीन वेगळी केली. जिवाणूचे मेदयुक्त पेशीपटल आयनांना सहज आरपार जाऊ देत नाही. त्यावरच पेशीचा ऊर्जाव्यवहार चालतो. पंधरा अमिनो आम्लांची ग्रॅमिसिडीनची साखळी पटलात पोकळ नळीसारखी वळते. अशा दोन नळ्या टोकाला टोक भिडल्या की आरपार वाट तयार होते, पोटॅशियम पाझरून जाते व जिवाणू मरतो. हा उलगडा मात्र पुष्कळ नंतर झाला. टायरोसिडीन हे दहा अमिनो आम्लांचे कडे असून ते पटलाची घडीच विस्कटते.

दुर्दैवाने तांबड्या रक्तपेशींनाही असेच पटल असते. रक्तात गेल्यास हे औषध त्याही फोडते. म्हणून त्याचा वापर मलमे आणि डोळ्या-कानांचे थेंब यांपुरता राहिला. तरीही जिवाणूजन्य औषधांचा पद्धतशीर शोध येथूनच सुरू झाला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. जंतू औषधांना सरावतील, हा इशाराही द्यूबो यांनी तेव्हाच दिला होता.

१९४२ साली त्यांची पहिली पत्नी मारी लुईझ क्षयाने वारली. पुढच्याच वर्षी वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसीन सापडले. द्यूबो यांनी पुढे क्षयजंतूंचाच अभ्यास हाती घेतला. दुसरी पत्नी जीन यांच्यासह लिहिलेल्या ‘द व्हाइट प्लेग’ (१९५२) या ग्रंथात त्यांनी क्षयाचा संबंध औद्योगिक नगरांतील दाटीवाटी व दारिद्र्य यांच्याशी जोडला. चिंचपोकळी-लालबागच्या चाळींत एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार ज्यांनी पाहिले, त्यांना हे निराळे सांगावे लागणार नाही. ‘सो ह्यूमन ॲन ॲनिमल’ या पुस्तकास १९६९ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. न्यूयॉर्क येथे ८१ व्या वाढदिवशी त्यांचे निधन झाले.