ताराबाई मोडक आणि न वाचणारे मूल



वर्गात मागच्या बाकावर बसणारे आणि धडा वाचण्याची पाळी आली की मान खाली घालणारे मूल तुमच्या पाहण्यात असेलच. त्याला आपण चटकन ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. हे एक अक्षर मुलाच्या पाठीला चिकटले की सहसा सुटत नाही. मुलांवर असा शिक्का मारण्याऐवजी त्यांच्या अडचणीचे कारण शोधण्यात ज्यांनी सारे आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडक यांची ओळख आज तुम्हांस करून द्यावयाची आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेर केळकरांचे. घरी प्रार्थना समाजाचे सुधारकी वातावरण होते, म्हणून मुलीच्या शिक्षणाला आडकाठी झाली नाही. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजाव्यात असा तो काळ होता. पुढे विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या. पण संसार सुखाचा झाला नाही. दुःख कुरवाळीत न बसता त्या नोकरीसाठी राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या.

मानाची आणि चांगल्या पगाराची ही जागा त्यांनी आपण होऊन सोडली. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते बालशिक्षणाकडे वळले. ‘छडी लागे छमछम’ हीच जेव्हा शाळांची रीत होती, तेव्हा त्यांच्या बालमंदिरात मुलांना मार नव्हता आणि धाकही नव्हता. तेथे ताराबाई त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि पुढे मराठी ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन ताराबाईंनी केले.

या दोघांसमोर आदर्श होता तो इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांचा. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे एक सूत्र महत्त्वाचे आहे. मुलाच्या हातात पुस्तक देण्याआधी त्याच्या हाताची, डोळ्यांची आणि कानांची तयारी झाली पाहिजे, असे त्या मानीत. मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवते, त्याच वेळी त्या अक्षराचा आवाज ऐकते आणि स्वतः उच्चारते. अशा रीतीने अक्षर बोटांत, डोळ्यांत आणि कानांत एकदमच उतरते. वाचन ही नुसती पाठांतराची गोष्ट नव्हे, हे त्यामागचे तत्त्व होय.

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार ही संस्था उभी केली. तेथे मुले शिकू लागली आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षिकाही तयार होऊ लागल्या. पण शहरातील सुखवस्तू घरांपुरतेच हे शिक्षण राहावे, हे त्यांना पटेना. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाने काय करावे? हा प्रश्न घेऊन १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी गावी गेल्या. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण मुले येईनात. दुसरे कोणी असते, तर लोकांना शिक्षणाची आवड नाही असे म्हणून परत फिरले असते. ताराबाईंनी कारण शोधले. आईबाप पहाटेच मजुरीला जात, आणि मुले आंघोळीवाचून व कित्येकदा उपाशीच राहत. तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टींना सुरुवात करायची. विलायती साधने परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, खडे, बिया, पाने आणि माती हीच साधने झाली. आज गावोगावी ‘अंगणवाडी’ हा शब्द ऐकू येतो. केंद्र सरकारची बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली. पण अंगणातल्या शाळेचे बीज ताराबाईंनी त्याच्या कितीतरी आधी रुजवले होते.

१९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. तेथील मोठी मुले दिवसभर गुरे राखीत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. १९६२ मध्ये सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या कालवश झाल्या. त्यांचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, चालविले.

येथे तुमच्या मनात एक शंका येईल. आमचे मूल रोज शाळेत जाते, पोटभर जेवते, बोलण्यात हुशार आहे, बाजारहाटाचा हिशेब तोंडी करते. तरी त्याला वाचता येत नाही, त्याचे काय?

याचे उत्तर निराळ्या संशोधनातून आले. सॅम्युअल ऑर्टन हे अमेरिकेतील आयोवा राज्यात मनोविकारतज्ज्ञ होते. शिक्षकांनी मंद ठरवलेली मुले त्यांनी तपासली. त्यांतील काही मुले बुद्धीने मुळीच कमी नव्हती. अडत होते ते फक्त वाचनापाशी. हे निष्कर्ष त्यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केले. अशा अडचणीस आज डिस्लेक्सिया म्हणतात. मेंदूसंबंधीचे ऑर्टन यांचे सर्वच तर्क पुढे टिकले नाहीत. शब्दातले सुटे आवाज ओळखणे आणि ते अक्षरांशी जोडणे या मुलांना जड जाते, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले. मात्र डोळा, कान आणि हात यांच्या साहाय्याने शिकवण्याचा जो मार्ग ऑर्टन आणि त्यांच्या सहकारी ॲना गिलिंगहॅम यांनी दाखवला, तो माँटेसरींच्या वाटेला येऊन मिळतो.

आपल्या मराठी लिपीतही अशा मुलांची परीक्षा असते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही अक्षरे दिसायला जवळची. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण तिचा आवाज मागून येतो. जोडाक्षरात ‘र’ कधी डोक्यावर चढतो, तर कधी पायाशी जातो. त्यात तळेरे, वैभववाडी, विजयदुर्ग या टापूतील आपल्या मुलांची घरची बोली एक, पुस्तकी मराठी दुसरी, आणि उर्दू शिकणाऱ्यांना उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी तिसरी. दोन भाषांमुळे किंवा दोन लिप्यांमुळे डिस्लेक्सिया होत नाही, हे पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे. पण नवी भाषा अंगवळणी पडेपर्यंत कोणतेही मूल काही काळ अडखळते. म्हणूनच प्रत्येक अडखळणारे मूल डिस्लेक्सियाचे नसते, आणि प्रत्येक डिस्लेक्सियाचे मूल आळशी नसते.

मग आपण काय करावे? प्रथम मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. घरच्या बोलीत त्याला गोष्टी सांगाव्यात, कोडी घालावीत. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरते, असे खेळ खेळावेत. अक्षर वाळूत बोटाने गिरवून, मोठ्याने म्हणवून घ्यावे. रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसून वाचावे. भावंडांशी तुलना करू नये आणि चारचौघांत तर मुळीच वाचायला लावू नये. एवढे करूनही अडचण हटत नसेल, तर शिक्षकांशी बोलून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अशा विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अडचणीला स्थान मिळाले आहे. या सवलती म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. तो मुलाचा हक्क आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शेजारचा सोबती वाचताना अडखळला तर हसू नका. त्याच्या ओळीखाली बोट धरा. आणि पालकहो, मुले येत नाहीत म्हणून ताराबाईंनी शाळेला कुलूप लावले नाही; त्या मुलांच्या दाराशी गेल्या. आपल्याला तर एवढेही लांब जायचे नाही. ते मूल आपल्याच घरात, दप्तर उशाशी घेऊन बसलेले आहे.